कोंबडीचं पीस आणि जवसाचं तेल

आमच्या मावशीला आवाज सहन होत नसे. माणसांचा चाले. गल्लीत भांडण लागलं की ती उंबऱ्यावर बसून निवांत ऐके, मधूनच सल्लेही देई. पण दार करकरलं, रहाट कुरकुरला, कोणाच्या खाटेनं कूस बदलताना हाक मारली, की हिच्या कपाळावर आठ्या. उठायची, कोनाड्यातली पितळेची वाटी काढायची, वाटीतलं कोंबडीचं पीस तेलात बुचकळायची आणि निघायची. मग ते दार तिचं असो की शेजाऱ्याचं. विचारायचं वगैरे काही नाही. तुम्ही जेवायला बसलेले असा, ही येणार, बिजागरीत पीस फिरवणार, दार दोनदा उघडून लावून पाहणार आणि 'झालं, जेवा आता' म्हणून चालती होणार.

तेल जवसाचं. तिच्या स्वतःच्या वावरातलं जवस, तेलघाणीवरून काढून आणलेलं. आमच्या वऱ्हाडात जवसाची चटणी नाही असं घर नाही, पण मावशीच्या घरात खायला जितकं तेल लागे त्याच्या दुप्पट बिजागऱ्यांना लागे.

ती माझी सख्खी मावशी नव्हती हो. घरमालकीण होती. मालेगावात, नाशिककडच्या नव्हे, आपल्या जहांगीरच्या मालेगावात, तेव्हा सगळा मुलूख अकोला जिल्ह्यातच होता. मला पहिली नोकरी लागली, तात्पुरती, एकशिक्षकी शाळेवर. शाळा आतल्या एका खेड्यात, मालेगावपासून नऊ मैल, निम्मा रस्ता मुरमाचा आणि निम्मा नुसता नावाचा. यष्टी तिकडे जात नव्हती. माझे वडील जऊळक्याला रेल्वेत गँगमन. त्यांनी एका बदलून गेलेल्या नर्सबाईची लेडीज सायकल माझ्यासाठी घेतली आणि म्हणाले, "चालव पोरी, आता मागं पाहू नको."

मागं पाहायचं नव्हतं, पण राहायला खोली तर हवी! शाळेच्या गावात कोणी दिली नाही. मालेगावात तीन-चार घरी गेले. बसायला सांगत, पाणी विचारत, मग हळूच आडनाव विचारत. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. आडनाव सांगितलं की प्रत्येकाच्या घरी अचानक पाहुणे येणार असायचे. मला इतका संताप आला होता की शेवटच्या घरी मी सायकल स्टँडवर जरा जोरातच आदळली.

आतून एक उंच, वाळकी बाई आली. डोक्यावर पदर, पायात वहाणा नाहीत. माझ्याकडे पाहिलंच नाही. सायकलीकडे वाकली.

"मास्तरीन ना तू? तुही सायकल काहून रडते वं?"

"जुनी आहे," मी म्हटलं. "खोली आहे का? आडनाव आधीच सांगून टाकते."

"मी विचारलं का तुले?" ती पेडल हातानं फिरवत म्हणाली. "लोकाइले कायले सांगत फिरतं? खोली मांगं हाये. झाडून घेजो. हे सायकल मातर आंगनात ठेवत जाय, मले तिच्याकडे पाहा लागन."

अशी मला खोली मिळाली. माझ्यामुळे नाही, सायकलीमुळे.

दुसऱ्या दिवशी तिचा पुतण्या आला. बियाण्यांचं दुकान होतं त्याचं बाजारात, आणि काकूनंतर हे घर आपलंच असं त्यानं मनाशी धरलेलं. अंगणात उभं राहून त्यानं खूप ऐकवलं. लोक काय म्हणतील, आपल्या घराची रीत काय, कोणाला आणून बसवलं. मी खोलीत भिंतीला टेकून ऐकत होते. मावशीचं लक्ष त्याच्या पायांकडे. तो दमला तेव्हा ती म्हणाली, "तुह्या चपलेचा आवाज होऊन राह्यला. काढ, तेल लावून देतो." त्यानं खरंच चप्पल काढून दिली हो! रागात होता, पण लहानपणापासूनची सवय.

गल्लीचे हाल काय सांगू. समोर एक घर होतं. तिथला सासरा दारातून आत येताना दार करकरायचं आणि तेवढ्यात सून पदर सावरून बसायची. मावशीनं त्या दाराला तेल पाजलं आणि आठ दिवसांत सासऱ्यानं सुनेला गूळ-शेंगदाणे खाताना तीनदा पकडलं. सून रडत आली, "मावशी, तुमच्यानं माह्यं खानं बंद झालं." मावशी म्हणाली, "लपून कायले खातं? त्याच्या म्होरं बसून खाय, त्यालेही दे." सुनेनं ऐकलं नाही. तिनं दाराला बैलाच्या गळ्यातली घंटी बांधली. दुसऱ्या दिवशी घंटीत कापूस कोंबलेला! सासरा, सून आणि मावशी, तिघांचं असं महिनाभर चाललं, शेवटी सासराच खाकरत यायला शिकला.

एकदा जमिनीच्या कामासाठी मी तिच्यासोबत तहसिलीत गेले होते. साहेब काही विचारत होते, हिचं लक्ष वर. पंखा कुईं कुईं करत होता. "साहेब, थांबा थोडसे," म्हणाली आणि शिपायाला स्टूल आणायला पाठवलं. शिपाई आणायलाही निघाला होता! तिच्या सांगण्यात असं काही असायचं की माणूस आधी उठायचा आणि मग विचार करायचा.

एवढी चीड का, ते तिनं मला एकदाच सांगितलं. तिचं माहेर केनवडचं. लग्न होऊन आली आणि दोन वर्षांत नवरा गेला. वय किती, तर आजच्या कॉलेजातल्या पोरीइतकं. सासूनं तिला मागच्या खोलीत ठेवलं, म्हणजे माझ्याच खोलीत. त्या खोलीचं दार इतकं करकरायचं की ही उठली, पाण्याला गेली, नुसती उंबऱ्यात उभी राहिली तरी सासूला कळे, आणि तिथून हाक येई, "कुठी चालली?" एका पहाटे तिनं चुलीजवळचं जवसाचं तेल बोटानं बिजागरीत भरलं आणि दार उघडलं. आवाज नाही.

"मग कुठं गेलात तुम्ही?" मी विचारलं.

"कुठीच नाई. आंगनात उभी राह्यली. चांदन्या पाह्यल्या, घडीभर." ती म्हणाली. "कोनी हाक मारली नाई ना वं मले. लय बरं वाटलं."

त्या दिवसापासून तिच्यावर माझा जीव जडला, तो आजपर्यंत. त्यामुळे तिनं माझ्या सायकलीचं जे केलं त्यावर मी कधी चकार शब्द काढला नाही. दर रविवारी ती सायकल अंगणात उलटी टाके. हँडल, पेडल, चेन, स्टँड, सगळीकडे पीस. आधी करकर गेली. मग एक टिकटिक राहिली. सायकलवाल्यांना ठाऊक आहे, पेडल मारणं थांबवलं की मागच्या चाकातून येते ती टिकटिक. मागच्या चाकावर दातेरी चक्री असते ना, फ्रीव्हील, तिच्या पोटात दोन बारीक खिट्टे असतात, त्यांचा तो आवाज. मावशीला तो छळायचा. "हे कोन बोलून राह्यलं आतून?" म्हणायची आणि तिथं वाटीनंच तेल ओतायची. आठवड्यामागून आठवडे. फाल्गुनात टिकटिक एकदम बंद झाली. मालेगावात माझ्याइतकी मुकी सायकल कोणाची नव्हती, आणि मावशी ती चारचौघांना बोलावून दाखवायची.

मग उन्हाळ्याची सकाळची शाळा सुरू झाली. सातची. आणि त्याच सुमारास मला कळलं की सोमवारी विस्तार अधिकारी शाळा पाहायला येणार. गावातल्या काही जणांनी वर कळवलं होतं की बाई वेळेवर येत नाहीत, त्यांच्या जागी जवळचा माणूस द्या. जवळचा माणूस त्यांनी शोधूनही ठेवला होता. मी एकदाही उशिरा गेले नव्हते, पण माझं ऐकणारं कोण? साहेब सोमवारी सातला येणार, बाई नाही असं एकदा त्यांच्या डोळ्यांना दिसलं की माझी तात्पुरती नोकरी गेली. आमच्या घरात पगार आणणारी मी पहिली पोरगी. वडिलांनी जऊळक्याच्या अर्ध्या स्टेशनाला सांगून ठेवलं होतं की माझी लेक मास्तरीण आहे.

आणि शनिवारी दुपारी, शाळेतून येताना, मालेगावच्या अलीकडे माझे पेडल रिकामे फिरायला लागले. पाय गरगर फिरताहेत आणि सायकल जागची हलत नाही. उतरले, ढकलत आणली, थेट सायकलच्या दुकानात नेली.

दुकानदार भला माणूस होता. त्यानं चाक काढलं, चक्री फिरवून पाहिली, म्हणाला, "फ्रीव्हील गेलं बाई. दोन्हीकून फिरून राह्यलं. नवं हाये माह्याजवळ, पन जुनं निघालं पाह्यजे." दुकानात जमिनीत पुरलेल्या ओंडक्यावर वाइस, म्हणजे लोखंडी पकड, बसवलेला होता. त्यात त्यानं चक्रीच्या खाचांत बसणारी दोन दातांची किल्ली धरली, तिच्यावर चाक आडवं बसवलं आणि टायर धरून जोर लावला. नाही. त्याचा भाऊ आला. दोघांनी मिळून. नाही. रॉकेल सोडलं, अर्धा तास थांबले, परत. ढिम्म.

"हे चक्रीचे आटे असे असतात बाई," तो घाम पुसत म्हणाला, "का जितकी सायकल चालवसान तितके घट्ट होतात. नर्सबाईपासून आवळूनच राह्यले. पन हे त्याच्याहून बेकार हाये. आता आनखी जोर केला तं खाच तुटन, मंग चाकच फेकून द्या लागन. वाशीमले न्या सोमवारी."

सोमवारी! भाड्याच्या सायकली होत्या त्याच्याकडे, पण सगळ्या दांडीच्या, उंच. माझा पाय पोचत नव्हता आणि साडीत मला त्या चालवताही येत नव्हत्या. मी चाक हातात घेऊन घरी आले. अंगणात बसले आणि रडू आलं म्हणून उगाच चक्री पुसायला लागले. केसातला आकडा काढून दात्यांतली घाण कोरली. आकड्याला पिवळं, चिवट काहीतरी लागलं. गोंदासारखं. नाकाशी नेलं.

जवस.

आमच्या घरी जवसाच्या तेलाची बाटली असायची. तिच्या तोंडाशी ओघळलेलं तेल वाळून असंच पिवळं, चिवट व्हायचं, बूच निघायचं नाही. आईनं किती वेळा ते सुरीनं खरवडलेलं मी पाहिलेलं! गोडं तेल तसंच राहतं. जवस वाळतं आणि धरून बसतं. थंडीत गल्लीतली दारं फुगल्यासारखी अडकायची तीही हिच्याच कृपेनं, आणि मावशी म्हणायची थंडीनं. आतले खिट्टे त्या गोंदात रुतले होते आणि आटे डकले होते. मावशीनं माझी सायकल प्रेमानं चिकटवून ठेवली होती.

तेवढ्यात ती आलीच. हातात वाटी.

"नाई निघत म्हने? निघन. तेल पाजतो रातभर." पीस नाही, तिनं वाटीच तिरपी केली.

मी तिचा हात धरला. गावात मला खोली देणारी ही एकटीच. ही उद्या 'निघ' म्हणाली तर नोकरीच्या आधी छप्पर जाणार. पण तेल पडलं असतं तर नोकरी गेली असती, आणि नोकरीमागून खोलीही.

"मावशी, तेल नको. तेलानंच झालंय."

"कायनं?"

"जवस वाळतं ना मावशी. वास घ्या."

तिनं आकडा नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग दात्यांवर बोट घासलं, बोट अंगठ्याला चिकटलं, सोडवलं, परत चिकटवलं. माझ्याकडे न पाहता उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. रात्री जेवायला हाक नाही, काही नाही. मी ट्रंकेत कपडे ठेवले. पायी निघायचं तर रविवारी दुपारीच निघून शाळेच्या ओट्यावर रात्र काढावी, असं ठरवलं. मला तिचा राग येत नव्हता, तेच वाईट होतं.

सकाळी उठून पाहते तर अंगणात चूल पेटलेली आणि तिच्यावर मोठं भगोनं. मावशी त्यात राख टाकत होती. शेजारी धुण्याच्या सोड्याची पुडी.

"जवसाची कढई कशानं निंघते?" तिनं विचारलं. आवाज बसलेला होता, झोपली नसावी.

"राखेच्या उकळत्या पाण्यानं."

"मंग चाल. धर ते चाक."

भगोनं तिनं स्वतः फडक्यानं धरलं. रविवारी दुकान बंद होतं. मागंच राहायचा दुकानदार, तिनं दार वाजवून त्याला उठवलं. "मावशी, आज सुट्टी..." "सुट्टी तुले, हिले नाई. खोल." त्यानं खोललं. मी म्हटलं ना, माणूस आधी उठायचा.

चाकाचा टायर-ट्यूब काढला. चक्री खाली परातीत धरून ते उकळतं पाणी घातलं. काळं-पिवळं पाणी निघालं, वासानं दुकान भरलं, अगदी चटणीचं जवस भाजल्यासारखं. पुन्हा पाणी, पुन्हा. मी घरी पळत जाऊन दुसरं भगोनं आणलं, दुकानदाराची बायको तिसरं उकळायला बसली. मग चाक वाइसमधल्या किल्लीवर आडवं बसवलं. दुकानदार वरून दाबून बसला. "मी फिरवतो," त्याचा भाऊ पुढे झाला.

"सरक," मावशी म्हणाली. "झटके मारसीन, खाच तोडसीन." आणि ओंडक्याशी मांडी घालून बसली. "ये वं. बस समोर."

मी समोर बसले. आडवं चाक आमच्या मधोमध, जात्यासारखं. माझ्या आईसोबत मी असं कितीदा दळलेलं. मावशीनं तिच्या बाजूनं रिम धरली, मी माझ्या. दळताना झटका देत नाहीत, दोघींचं वजन एका लयीत चालतं. "आता," ती म्हणाली. मी ओढलं, तिनं ढकललं. काही नाही. "पानी!" पाणी पडलं, हात भाजले. "आता." काही नाही. तिचे तळवे लाल झाले होते, कपाळावरचा पदर खाली आला होता. "आईगं, नको मावशी, राहू द्या," मी म्हटलं.

"गप बस. माह्यं तेल हाये हे," ती म्हणाली. "आता!"

कडाड्! असा आवाज झाला की मला वाटलं खाच तुटली. पण चाक माझ्याकडे वळलं होतं. एक वीत, मग आणखी एक वीत, मग लोण्यासारखं. दुकानदार "निघालं, निघालं!" म्हणून ओरडला, त्याची बायको हसायला लागली, आणि मावशी तिथंच भिंतीला टेकून डोळे मिटून बसली.

नवी चक्री चढली. दुकानदारानं चाक हवेत धरून उलटं फिरवलं. टिक टिक टिक टिक. मावशीनं डोळे उघडले.

"हे असंच बोलते का?"

"हो मावशी. बोलतं तोवर धरतं," मी म्हटलं.

"मंग बोलू दे बापा," ती म्हणाली. वाटी त्या दिवसापासून मशीनच्या तेलाची झाली. आणि पुढचा महिनाभर ती सोड्याचं पाणी आणि चिंधी घेऊन घरोघर गेली, प्रत्येक दारात उभी राहून 'माह्यंच चुकलं' म्हणाली, आणि वर त्यांनाच दार धरायला लावलं.

सोमवारी तांबडं फुटायच्या आधी मी सायकल काढली, तर ही तयार. धुतलेलं लुगडं, हातात भाकरीची पुरचुंडी.

"तुम्ही कुठं?"

"तुह्यासंगं. रस्त्यात फसली तं ढकलाले कोनी पाह्यजे का नाई?"

मी नको नको म्हणेपर्यंत ती कॅरिअरवर बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा. एका हातानं माझी कंबर इतकी घट्ट धरली की मला श्वास घेता येईना. आम्ही बाजारातून निघालो. पुतण्या दुकानासमोर राखुंडीनं दात घासत उभा होता. काकू आणि मी, एका सायकलवर, भर रस्त्यातून, हे पाहून त्याचं बोट तोंडातच राहिलं.

"पाहून काय राह्यला?" मावशी ओरडली. "घास, घास. मांगचे राह्यले!"

मी इतकी हसले की सायकल नालीत जाता जाता वाचली. पुढं चढ आला की ती उतरायची, चालायची, उतार आला की बसायची. टिकटिक ऐकत. मुरमाचा रस्ता संपला तेव्हा सूर्य वर आला. मी जीव तोडून पेडल मारत होते, आणि मागून ती, "चाल माय, चाल, आलं तुह्यं गाव."

पोचलो तेव्हा शाळेच्या ओट्यावर आठ-दहा माणसं आधीच बसलेली. बाई न येण्याचा मुहूर्त पाहायला. मी घंटा दिली, पोरं रांगेत आली, प्रार्थना सुरू झाली आणि साहेबांची फटफटी आली. त्यांनी घड्याळ पाहिलं, ओट्यावरच्या मंडळींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वर्गात बसले. पोरांकडून वाचून घेतलं, पाढे म्हणवले. एका पोरीनं बावीसचा पाढा न थांबता म्हटला तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षीही याच शाळेवर राहा. मी तसं वर सांगतो." ओट्यावरची माणसं एकेक करून उठून गेली. मी त्या शाळेत पुढं खूप वर्षं राहिले.

उठता उठता साहेबांचं लक्ष कोपऱ्यात गेलं. पहिलीच्या पोरांमध्ये मावशी मांडी घालून बसली होती, हात राखेच्या पाण्यानं सोललेले, पायावर नऊ मैलांची धूळ.

"आणि या आजी कोण? गावातल्या?"

मी सांगायला तोंड उघडलं, घरमालकीण म्हणून. ती माझ्या आधी बोलली. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी.

"मी हिच्या घरची आहो."